विमानाची चीर आणि आमची ट्रॉली



गावावरून विमान गेले की आपण सगळे मान वर करून बघतो. पण विमान जमिनीवर उभे असताना त्याला नीट बघणारी माणसे असतात. ती नसली तर विमान उडूच नये. गुरुजींनी आम्हाला धातूंचा पाठ शिकवताना ही माहिती सांगितली. ती मी माझ्या शब्दांत लिहिली आहे.

घरी बांधलेले विमान

लहान विमानाचे सुटे भाग कारखान्यातून विकत मिळतात. माणूस ते घरी जोडतो. त्याला किट विमान म्हणतात. आपल्या महाराष्ट्रातील वैमानिक अमोल यादव यांनी तर किटसुद्धा घेतले नाही. त्यांनी मुंबईत कांदिवलीला घराच्या गच्चीवर सहा जणांचे विमान स्वतः बांधले. २०१६ साली मुंबईच्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. २०१९ साली त्यांना ते उडवून पाहण्याची परवानगी मिळाली.

विमान स्वतः बांधले की त्याची काळजीही स्वतःच घ्यावी लागते. त्यात मोठे काम म्हणजे चीर शोधणे.

चीर का पडते?

करून पहा. तारेचा तुकडा घ्या. एकदा वाकवला तर तुटत नाही. पण खाली-वर, खाली-वर वाकवत राहा. थोड्या वेळाने तो तुटतो. आपण जोर वाढवला नाही, तरी तुटला! धातू थकतो.

लहान विमानाचे इंजिन मिनिटाला दोन हजारांहून जास्त फेरे घेते. त्याने सगळे विमान थरथरते. म्हणून इंजिन ज्या नळ्यांवर बसवतात तिथे, धुराच्या नळीला, चाकांच्या दांड्यांना आणि रिव्हेटच्या भोकांपाशी चीर पडू शकते. कोपरा टोकदार असेल तर तिथून ती लवकर सुरू होते.

चीर कशी शोधतात?

१. आधी मळ, तेल पुसून काढतात. मळाखाली चीर दिसत नाही.
२. बॅटरीचा उजेड तिरपा पाडून भिंगाने बघतात.
३. शंका आली तर लाल रंगाचे पातळ औषध लावतात. ते चिरेत शिरते. थोड्या वेळाने वरचे पुसून पांढरी पूड मारतात. चिरेतला लाल रंग पुडीत वर येतो आणि लाल रेघ उमटते.

अॅल्युमिनियमवर खूण करायला आपली शिसपेन्सिल चालत नाही, कारण शिसपेन्सिलीने तो धातू खराब होतो. ओरखडाही काढायचा नाही. ओरखड्यातूनच पुढे चीर पडते.

चीर कशी थांबवतात?

चिरेचे टोक सुईसारखे असते. सगळा ताण त्या टोकावर येतो, म्हणून ती पुढे पळते. पत्र्याला चीर असेल तर तिच्या अगदी टोकाला बारीक गोल भोक पाडतात. मग ताण गोल कडेवर वाटला जातो. त्यावर पत्र्याचे ठिगळ रिव्हेटने बसवतात. भोक टोकाच्या अलीकडे पडले तर उपयोग नाही. लोखंडी नळी असेल तर जाणकार माणूस वेल्डिंग करतो. फार ताणाचा भाग असेल तर तो बदलतातच. नंतरही तिथे पुन्हा पुन्हा बघतात.

न सांगितलेली चीर

१९५४ साली कॉमेट नावाची दोन मोठी विमाने आकाशातच मोडली. तपासात दिसले की वरच्या खिडकीच्या कोपऱ्याजवळून चीर पळाली होती.

२८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर एका विमानाचे छप्पर उडताना फाटून गेले. विमानात ९५ माणसे होती. वैमानिकांनी विमान खाली उतरवले, पण एक परिचारिका वाचली नाही. नंतर एका प्रवासी बाईने सांगितले की विमानात चढतानाच तिला चीर दिसली होती. तिने कुणालाच सांगितले नाही.

हे ऐकून माझ्या छातीत धडधड झाली. कारण आदल्या दिवशी मला आमच्या ट्रॉलीच्या दांडीवर बारीक रेघ दिसली होती. हळदीची पोती भरायची घाई होती, म्हणून मी गप्प बसलो होतो. त्याच रात्री ट्रॉली वसमतच्या मोंढ्यात जाणार होती. पोत्यांवर बाबा आणि काका बसणार होते.

शाळा सुटताच मी पळत घरी गेलो. काका म्हणाले, "काय करायलास रे तिथं? रंगाची रेघ हाय ती."

मी म्हणालो, "काका, एकदा बघा तरी."

मी दांडी पुसली, डिझेलचे फडके फिरवले, कोरडी केली आणि खडू चोळला. थोड्या वेळाने पांढऱ्या खडूवर ओली काळी रेघ उमटली. काकांनी बाबांना हाक मारली.

ट्रॉली रिकामी करून वेल्डिंगवाल्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी रंग खरवडला. चीर दिसत होती त्याच्या दोन बोटे पुढे गेली होती! त्यांनी टोकाला भोक पाडले, वेल्डिंग केले आणि वर जाड पट्टी बसवली. हळद दुसऱ्या दिवशी गेली. भाड्याचे पैसे थोडे जास्त लागले. बाबा मला काही रागावले नाहीत. रात्री जेवताना एवढेच म्हणाले, "कालच सांगायचं व्हतं की रे."

म्हणून मित्रांनो, लक्षात ठेवा. चिरेवर रंग मारून चीर जात नाही. लहान माणसाला दिसली तरी ती चीरच असते. दिसली की त्याच दिवशी सांगा. आणि पालकांनो, आम्ही सांगितले तर एकदा वाकून बघा.