दोघं आहेत ना एकमेकांना

आई मोरीत घसरली तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. आषाढातला पाऊस पत्र्यावर असा कोसळत होता की शेजारच्या घरापर्यंत हाक जाणं शक्य नव्हतं. तिचा मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला. "अहो, माझा फोन आणा," ती आप्पांना म्हणाली. आप्पा आत गेले आणि तांब्याभर पाणी घेऊन आले. तिने पुन्हा सांगितलं, त्यांनी उशी आणली. तिसऱ्यांदा गेले ते ओट्यापाशी नुसतेच उभे राहिले. मोरीतून तिला ते दिसत होते. मग परत येऊन तिच्याजवळ जमिनीवर बसले, तिच्या अंगावर शाल घातली. सकाळी सहाला दूधवाल्याने तिचं कण्हणं ऐकलं. खुब्याचं हाड मोडलं होतं.

बेगडेवाडीतलं आमचं घर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आहे. मी पुण्यात, भाऊ बंगळूरला. कोणी विचारलं की आम्ही दोघंही एकच वाक्य म्हणायचो, "दोघं आहेत ना एकमेकांना." त्या वाक्यावर आम्ही तीन वर्षं निर्धास्त राहिलो. आप्पांची स्मृती जात होती आणि आई ती झाकत होती. दोघं मिळून एका धडधाकट माणसाइतकं चालत होतं, आणि आम्हाला तेवढंच दिसत होतं.

खुणा नव्हत्या असं नाही. त्या आप्पांमध्ये कमी आणि आईमध्ये जास्त होत्या. ती ओट्यापासून हलली की प्रत्येक वेळी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायची. मला वाटलं, जपणारी आहे. बाहेरच्या दाराची किल्ली तिने पदराला बांधायला सुरुवात केली. आप्पांना फोन दे म्हटलं की "ते आंघोळीला गेलेत", नाहीतर "आत्ताच डोळा लागलाय". आप्पांना काही विचारलं की उत्तर तिच्याकडून यायचं. मी रविवारी लोणावळा लोकलने उतरायची तेव्हा आप्पा फलाटावर हमखास उभे असत. ते यायचे थांबले. "गुडघे दुखतात" असं आईने सांगितलं आणि मी गुडघ्यांसाठी तेल घेऊन गेले. खरं तर एकदा ते स्टेशनवरून घरी परतताना रस्ता चुकले होते. महाशिवरात्रीला घोरावडेश्वराचा डोंगर चढायचा नेम त्यांनी कधी मोडला नव्हता. तोही सुटला, आणि आम्ही वयावर ढकललं.

म्हणून ज्यांचे आईवडील दोघंच राहतात त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: त्या दोघांना वेगवेगळं भेटा. एकाला घेऊन भाजी आणायला जा, दुसऱ्याजवळ अर्धा दिवस एकटे बसा. आई बाजारात गेली असताना आप्पांनी मला अर्ध्या तासात चार वेळा विचारलं असतं, "ती कुठे गेलीय?" ते ऐकायला मी त्यांच्याजवळ एकटी कधी बसलेच नव्हते.

डॉक्टर म्हाताऱ्या माणसाची क्षमता दोन पायऱ्यांवर पाहतात, हे मला नंतर कळलं. आंघोळ, कपडे, संडास, उठबस, लघवी-शौचावरचा ताबा, जेवण ही शरीराची सहा कामं. सिडनी कॅट्झ या अमेरिकी डॉक्टरांनी 1963 साली ती मांडली. दुसरी यादी 1969 ची, लॉटन आणि ब्रॉडी यांची: फोन करणं, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, धुणं, प्रवास, औषधं, पैशाचे व्यवहार. स्मृतिभ्रंशात सहसा ही दुसरी यादी आधी ढासळते. आपण मात्र पहिली पाहून समाधान मानतो. आप्पा स्वतः दाढी करत, दोन भाकरी खात, म्हणून ठीक. फोन करता येतो का, हे आम्ही कधी पाहिलंच नाही. तुम्ही पाहा. "मला एक फोन लावा बरं," एवढंच म्हणा आणि शांत बसून राहा. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख आणि उरलेल्या गोळ्या जुळतात का, विजेचं बिल कोण भरतं, एकच वस्तू घरात तीन-तीन आणून ठेवलीय का, पातेल्यांची बुडं जळलीत का, तेही बघा.

खूण दिसली की आधी डॉक्टर, मग सांभाळायला बाई. बी-12 ची कमतरता, थायरॉईड, सोडियम उतरणं, लघवीचा संसर्ग, एखादी चालू गोळी यांनीही म्हातारपणी गोंधळ होतो आणि यातलं बरंच सुधारतं. आप्पांचं बी-12 कमी निघालं. इंजेक्शनांनी तरतरी आली, पण आठवण परतली नाही.

घरात माणूस ठेवायचं म्हटल्यावर आईच आडवी आली. "परकी बाई माझ्या स्वयंपाकघरात नको." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने इतकी वर्षं जे झाकलं ते आता उघडं पडणार होतं, हे मला तेव्हा उमगलं नाही, मी तिच्यावर चिडले. तिथे चिडू नका. सांभाळणाऱ्या मावशी येऊ लागल्या तेव्हा मी पहिला आठवडाभर रजा काढून घरी राहिले. आप्पांना सांगितलं, आईच्या पायासाठी आल्यात. ते खोटं नव्हतं आणि त्यांना ते पटलं. ब्युरोकडून बाई घेतलीत तरी ओळखपत्र आणि पोलिस पडताळणी स्वतः बघा, तिची आठवड्याची सुट्टी आणि जेवण आधी ठरवा, औषधांची वही तिच्या हातात द्या. सुट्टीच्या दिवशी कोण येणार हे भावंडांनी लिहून वाटून घ्या. आमच्यात यावरून फार कडू बोलणी झाली.

पैशाचंही सांगते. सत्तरीपुढच्यांना ऑक्टोबर 2024 पासून मिळणारं वय वंदना कार्ड वर्षाला पाच लाखांपर्यंत रुग्णालयातला खर्च उचलतं, घरच्या मावशीचा पगार नाही. तो हिशेब वेगळा धरा. ज्येष्ठांसाठीची 14567 ही हेल्पलाईन आणि रुग्णवाहिकेचा 108 मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावा, पण नुसतं लावून थांबू नका. फोन कोण लावणार, हे ठरवा. मोरीत धरायला दांडी आणि रात्री जळता दिवा आम्ही हाड मोडल्यावर बसवला.

आई आता वॉकरवर चालते. रेग्युलेटर बंद करायचं काम मावशी करतात. गेल्या रविवारी मी गेले तेव्हा आप्पा मावशींबरोबर ओसरीत शेंगा सोलत होते आणि आई आत झोपली होती. मी भांडी घासली, चहा टाकला, कपबशा वाजल्या. ती उठली नाही. दुपारी दोन तास सलग झोपलेली आई मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.