काथ्याचा भुसा : गुण आणि पथ्य



उसाच्या रोपवाटिकेमुळे काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, आपल्या ओळखीचा झाला आहे. ट्रे भरून झाले की उरलेला भुसा घरी येतो. मंडळी तो कुंडीत भरून मिरची, टोमॅटो लावतात. रोप चांगलं उगवतं आणि पुढे पिवळं पडून बसतं. दोष मात्र बियाण्याला! खरे कारण समजून घेऊ.

नारळाच्या सोडणापासून काथ्या काढल्यावर उरतो तो हा भुसा. वजनाच्या कितीतरी पट पाणी तो धरतो आणि मुळांना हवाही मिळू देतो. पण त्यात नत्र जवळजवळ नसते. उसाच्या डोळ्याबरोबर कांडीची शिदोरी असते, म्हणून रोपवाटिकेत सुरुवातीचे दिवस भागतात. मिरचीच्या बारीक बियाची शिदोरी ती किती? भुसा म्हणजे खत नव्हे, एवढं पक्कं ध्यानात ठेवा.

दुसरी गोष्ट मिठाची. किनाऱ्यावर सोडणे खाऱ्या पाण्यात कुजवतात, ते क्षार भुशात उतरतात. क्षारपड जमिनीत पीक कसं करपतं हे आपल्याला सांगायला नको. तीच गत कुंडीत होते.

म्हणून असे करावे :

१) ५ किलोची वीट मोठ्या पिंपात सुमारे २५ लिटर गोड्या पाण्यात भिजवावी. फुगल्यावर भुसा गोणपाटावर निथळावा. असे २-३ वेळा धुवावे. धुतलेला भुसा असे विटेवर छापले असले, तरी एकदा धुतलेला बरा.

२) १ घमेले भुसा, १ घमेले माती आणि १ घमेले गांडूळखत किंवा कुजलेले शेणखत एकत्र करावे. प्रेसमडचे कंपोस्टही चालेल, पण पूर्ण कुजलेले. कच्चे तापते आणि मुळे जाळते.

३) कुंडीच्या तळाला भोक हवेच.

४) भुसा वरून कोरडा दिसला तरी आत ओला असतो. बोट दोन पेरे आत घालून बघा. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको.

५) रोपाने जीव धरला की दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत द्यावे.

भुसा विकत आणायचा, पाणी घालायचे आणि शेवटी रोप उपटून टाकायचे, हा तोटा कशाला? यंदा एकाच कुंडीत हे करून बघा. भाजी घरची खाल आणि शेजाऱ्यालाही द्याल.