दोषसहिष्णू कॉग्निटिव्ह रेडिओ-जाळ्यांची रचना

रेडिओ-लहरींचा पट्टा ही राष्ट्राची सामाईक मालमत्ता. शासन त्याचे तुकडे पाडून दूरचित्रवाणी, पोलीस, विमानवाहतूक, मोबाइल कंपन्या यांना परवान्याने वाटून देते. परंतु प्रत्येक तुकडा सर्वकाळ, सर्वत्र वापरात असतोच असे नाही. मुंबई आयआयटीच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतातील ४७० ते ५९० मेगाहर्ट्‌झ या दूरचित्रवाणी पट्ट्याची मोजदाद केली. या पट्ट्यात प्रत्येकी ८ मेगाहर्ट्‌झचे १५ चॅनेल बसतात. देशात कोठेही त्यांपैकी किमान १२ रिकामे असल्याचे आढळले, कारण जमिनीवरील मनोऱ्यांवरून प्रक्षेपण करणारे दूरदर्शन हे एकटेच. या लहरी झाडी आणि उंचसखल भूभाग वाय-फायपेक्षा चांगल्या रीतीने ओलांडतात. म्हणून जेथे फायबर पोहोचलेली नाही अशा पाड्यांना त्यांचे मोल अधिक. याच संस्थेने पालघरजवळील खामलोली परिसरात त्यांचे प्रायोगिक जाळे उभारून पाहिले.

रिकामा चॅनेल शोधून तेवढ्यापुरता वापरणाऱ्या आणि परवानाधारक बोलू लागताच बाजूला होणाऱ्या यंत्रास ‘कॉग्निटिव्ह रेडिओ’ म्हणतात. १९९९ मध्ये जोसेफ मिटोला आणि जेराल्ड मॅग्वायर यांच्या लेखातून ही संकल्पना पुढे आली. हा रेडिओ पाहुणा आहे. यजमानाला उपद्रव होऊ नये, ही त्याच्यावरील पहिली अट. गावाचा संपर्क तुटू नये, ही दुसरी. सारे सुरळीत असताना दोन्ही अटी सुखाने नांदतात. बिघाड झाला की त्या परस्परविरुद्ध दिशांना ओढू लागतात, आणि रचनाकाराची कसोटी तेथे लागते.

सर्वसाधारण जाळ्यात बिघाड म्हणजे यंत्र बंद पडणे. ते लगेच ध्यानात येते. येथे त्याहून घातक बिघाड म्हणजे यंत्र चालू असून चुकीचे उत्तर देणे. टेकडीच्या सावलीत बसवलेल्या रेडिओला मनोऱ्याचा संकेत ऐकूच येत नाही. तो चॅनेल मोकळा समजून बोलू लागतो, आणि टेकडीच्या माथ्यावरील ज्या घराला दोघांच्याही लहरी पोहोचतात, तेथील चित्र विस्कटते. यंत्र निर्दोष, तरी निष्कर्ष खोटा.

यावर उपाय म्हणजे अनेक ठिकाणच्या रेडिओंनी ऐकून मत द्यावे. समजा, एक रेडिओ शंभरातून १० वेळा असलेला संकेत चुकवतो आणि १० वेळा नसलेला संकेत ‘आहे’ म्हणतो. तिघांचे बहुमत घेतले तर दोन्ही चुका शंभरात २.८ वर येतात. ‘एकानेही आहे म्हटले की थांबावे’ असा कडक नियम केला, तर संकेत चुकण्याचे प्रमाण हजारात एकवर येते. पण खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण शंभरात २७ होते आणि गाव विनाकारण खोळंबते. ही सारी गणिते तिघांच्या चुका एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे धरून चालतात. तिन्ही रेडिओ एकाच टेकडीमागे असतील तर मते तीन, पण साक्ष एकच. म्हणून रेडिओंच्या संख्येइतकेच त्यांच्या जागांचे वैविध्य महत्त्वाचे.

आता तिघांपैकी एक रेडिओ बिघडून सदैव ‘मोकळा आहे’ एवढेच सांगू लागला असे समजू. बहुमतासाठी उरलेल्या दोघांनाही संकेत ऐकू यावा लागतो. चूक शंभरात १९ वर जाते. म्हणजे तिघांची ही समिती एकट्या निरोगी रेडिओहूनही वाईट ठरते! पाच रेडिओंमध्ये असाच एक बिघडला तर चूक ५.२ च्या आसपास राहते. माझ्या मते या विषयातील सर्वांत उपयुक्त धडा हाच आहे : किती यंत्रे बिघडतील हे आधी गृहीत धरावे आणि मग सदस्यसंख्या ठरवावी. शिवाय प्रत्येकाच्या मागील उत्तरांची नोंद ठेवून, सतत इतरांशी विसंगत ठरणाऱ्याच्या मताचे वजन कमी करता येते. मात्र तो विसंगत सदस्यच कदाचित एकटा माथ्यावर बसलेला असेल, हेही तपासले पाहिजे.

मते मोजणारा कोण, हा प्रश्न मागाहून येतोच. विनयपिटकातील चुल्लवग्गात ‘येभुय्यसिका’ म्हणजे बहुमताने वाद मिटवण्याची पद्धत सांगितली आहे. तेथे शलाका गोळा करणारा भिक्खू पक्षपात, द्वेष, मोह आणि भय यांपासून मुक्त असावा, अशी अट घातलेली आढळते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संघाच्या या सभानियमांचा उल्लेख केला होता. रेडिओ-जाळ्यात मते मोजणारे मध्यवर्ती केंद्र बंद पडले तर सर्व सदस्य ठणठणीत असूनही जाळे आंधळे होते. म्हणून दुसरे केंद्र नोंदींच्या प्रतीसह सज्ज ठेवतात. केंद्रच नको असेल तर किंमत मोजावी लागते : लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीझ यांनी १९८२ मध्ये मांडल्याप्रमाणे, एका खोटे बोलणाऱ्यासह एकमत साधायचे तर, निरोपांवर खात्रीची सही नसताना, किमान चार सदस्य लागतात.

संकेत ओळखल्यानंतर चॅनेल सोडणेही वेळेत व्हावे लागते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आय-ट्रिपल-ई ८०२.२२ या मानकात ओळखण्यासाठी २ सेकंद आणि सोडण्यासाठी २ सेकंदांची मर्यादा आहे. एवढ्या अवधीत नवा चॅनेल शोधून सर्वांना कळवणे अवघड. म्हणून पर्यायी चॅनेलची क्रमवारी प्रत्येक रेडिओजवळ आधीच दिलेली असते. निरोप न पोहोचलेला रेडिओही त्याच यादीतील पुढच्या चॅनेलवर आपल्या केंद्राला शोधतो.

आणि काहीच कळेनासे झाले तर? तेथे पहिल्या अटीचा मान राखून रेडिओने गप्प व्हावे. अमेरिकेच्या २०१० च्या नियमांत मोकळ्या चॅनेलची माहिती देणाऱ्या नोंदसंचाशी रोज संपर्क आवश्यक होता. एखाद्या दिवशी तो झाला नाही, तर दुसऱ्या दिवशी रात्री ११:५९ पर्यंतच प्रक्षेपणाची मुभा होती. दुसरी अट सांभाळण्यासाठी वेगळी, बारीक वाट राखावी लागते. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा विनापरवाना खुला आहे. त्यावरून चित्रफीत जाणार नाही. पण रेडिओंचे आपसातील नियंत्रण-निरोप जातील, आणि आरोग्य उपकेंद्रातून रुग्णवाहिकेला पाठवलेला चार ओळींचा संदेशही.