आप्पांनाही यादी लावता आली पाहिजे

चि. छोटू यास,


काल रात्री वहिनीचा फोन आला. वाचनालयासाठी केलेल्या तुझ्या नव्या वेबपानावर पुस्तकांचा पसंतीक्रम लावायला तू आप्पांना बसवलंस, पुस्तकाचं कार्ड दर वेळी त्यांच्या हातून मध्येच सुटलं, आणि तू म्हणालास, "जाऊ द्या आप्पा, तुमच्यासाठी नाहीये ते." हे खरं का रे? आप्पा काही बोलले नाहीत म्हणे, पण नीट जेवलेही नाहीत. ज्या वाचनालयात जाण्यात त्यांचा जन्म गेला, तिथली यादी त्यांच्यासाठी नाही?

दादाने पाठवलेला व्हिडिओ मी पाहिला. कार्ड ओढताना बाकीची कार्डं सरकून जागा करून देतात, ते सुरेख जमलंय. पण ओढणं म्हणजे काय, ते बोटाच्या बाजूने बघ. दाबायचं, दाब न सोडता सरकवायचं, नेमक्या जागी थांबायचं, मग सोडायचं. आप्पांच्या कंपवाताच्या हाताला यातली एकेक गोष्ट जड जाते. तू चारही एका दमात मागतोस.

व्हिडिओवरून वाटतं, तू ब्राउझरची आयती ड्रॅग अँड ड्रॉप सोय वापरली आहेस. मायक्रोसॉफ्टने ती १९९९ साली इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये आणली तेव्हा समोर होता माऊस. पुढे तीच एचटीएमएल ५ मध्ये आली. बोटाशी तिचं फार वर्षं जमलंच नाही. त्यापेक्षा पॉइंटर इव्हेंट्स घे, माऊस, बोट आणि पेन तिन्ही एकाच कोडमध्ये बसतात. फक्त 'टच-ॲक्शन: नन' पूर्ण कार्डाला लावू नकोस, ओढायच्या मुठीपुरतंच लाव. नाहीतर पान खाली सरकवायला गेलेल्या माणसाचं बोट कार्डावरच अडकेल. आणि 'पॉइंटरकॅन्सल' आला की कार्ड मुकाट्याने मूळ जागी गेलं पाहिजे.

पण एवढं सगळं केलंस तरी आप्पांचा प्रश्न तिथेच राहतो. त्यांना ओढायलाच लागू नये.

प्रत्येक कार्डावर 'वर' आणि 'खाली' अशी दोन बटणं दे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या वेब-सुलभतेच्या मार्गदर्शिकेत कलम २.५.७ नेमकं हेच मागतं: जे ओढून होतं, ते न ओढता साध्या टिचकीनेही झालं पाहिजे. नुसती कीबोर्डची सोय करून हे कलम सुटत नाही, आणि आप्पांच्या फोनला कीबोर्ड कुठला? बटणांना किमान २४ पिक्सेल सांगितलेत. तू ४४ धर, थरथरणाऱ्या बोटाला तेवढी जागा हवीच. कार्ड हललं की फोकस त्याच बटणावर राहू दे, आणि 'आता पाचपैकी दुसऱ्या क्रमांकावर' हे स्क्रीन रीडरलाही ऐकू जाऊ दे. जुन्या लेखांत 'एरिया-ग्रॅब्ड' दिसेल. ते २०१७ सालीच मोडीत काढलंय, उचलू नकोस.

हे वाचताना तुला आपली माई आठवत असेल, तिचीही बोटं सांध्यांत आखडली होती. माऊसचं बटण दाबून धरताना तिचा चेहरा वाकडा व्हायचा. मी तेव्हा नोकरीत नवी, रोज नवं काही शिकण्याच्या नादात. तिला शिकवायला बसायचे, पण ती कशी वापरते हे बघायला कधी बसले नाही. आता बसावंसं वाटतं, तर माई नाही.

म्हणून रागावले रे. तू आप्पांना हिणवायला बोलला नसशील, हे मला ठाऊक आहे. रात्ररात्र जागून केलेलं काम समोरच्याला जमेना की जीव वैतागतो. मनाने तू हळवाच आहेस, लहानपणी आप्पांचा चष्मा शोधून द्यायला तूच धावायचास.

बटणं झाली की रविवारी त्यांच्याकडे जा. फोन त्यांच्या हातात दे आणि शेजारी बस. मध्ये बोलू नकोस, बोट धरून दाखवू नकोस, नुसतं बघ. आणि दुपारी त्यांच्याबरोबर जेवूनच नीघ.

जागरणं कमी कर. काही अडलं तर कितीही वाजता मला फोन कर, मी उचलेन.

तुझी,
आत्या