पारा सांगत नाही ती थंडी

न्यूझीलंडला यायला निघालेल्या मराठी कुटुंबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, तिकडे थंडी किती? उत्तरही बहुतेकांनी आधीच शोधलेलं असतं. ऑकलंडचं जुलैचं सरासरी तापमान ११ अंशांच्या आसपास, म्हणजे पुण्याच्या जानेवारीतल्या पहाटेइतकंच. आकडा खरा आहे. पण पुण्यात दुपारी ऊन तापतं, भिंती गरम होतात, धुणं वाळतं. ऑकलंडला दुपारीही पारा १४-१५ च्या वर फारसा जात नाही, आणि पावसाचा जोर ऐन थंडीतच असतो. ही थंडी घरात येऊन मुरते.

आमचं पहिलं भाड्याचं घर आम्ही जानेवारीत, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात बघितलं होतं. उतारावरचं जुनं लाकडी घर, भोवती गर्द झाडी, खिडक्यांतून वाहता वारा. जून लागला आणि रोज सकाळी काचा पुसणं सुरू झालं. टॉवेल पिळला की पाणी गळायचं. पडद्यांच्या कडांना काळे ठिपके, कपाटामागच्या भिंतीला बुरशी, खोल्यांत कुबट वास. सुती कापडात गुंडाळून ठेवलेल्या पैठणीवरही पांढुरके डाग पडले. मुलीचा खोकला हटेना, तेव्हा डॉक्टरांनी आधी विचारलं, घरात ओल आहे का?

पुढच्या हिवाळ्याआधी आम्ही त्याच उपनगरात, टेकडीच्या दुसऱ्या अंगाला राहायला गेलो. पाऊस तोच, पारा तोच, पण काचा कोरड्या आणि मुलीचा खोकला गेला. फरक होता दिशेचा. दक्षिण गोलार्धात सूर्य दिवसभर उत्तरेकडून जातो, त्यामुळे दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावरच्या घराला हिवाळ्यात ऊन जवळजवळ मिळतच नाही. आपली माणसं पूर्वेचं दार बघतात. इथे बैठकीची खोली उत्तरेला आहे की नाही, ते आधी बघा.

दुसरी गोष्ट घराच्या वयाची. नव्या घरांना इन्सुलेशनची सक्ती इथे १९७८ पासून झाली, त्यामुळे त्याआधीची कितीतरी घरं मुळात उघडीच बांधलेली आहेत. आता भाड्याच्या घरांना कायदा आहे. २०१९ पासून छतात आणि जमिनीखाली, जिथे शक्य असेल तिथे, इन्सुलेशन लागतं. शिवाय आता मुख्य खोली १८ अंशांपर्यंत तापवू शकेल असा पक्का हीटर हवा. ही पूर्तता कशी केली, हे घरमालकाने करारासोबत लेखी द्यावं लागतं. तो कागद नीट वाचा, मागायला संकोच करू नका. सिलिंडरवर चालणारा सुटा गॅस हीटर मात्र घेऊ नका. गॅस जळताना वाफ सोडतो आणि ओल आणखी वाढते. हीट पंप लावा, रोज थोडा वेळ खिडक्या उघडा आणि घरात धुणं वाळत घालू नका.

शहर अजून ठरायचं असेल तर देशाचा नकाशा समोर घ्या. दक्षिण बेटावर सदर्न आल्प्स आपल्या सह्याद्रीसारखे आडवे उभे आहेत. पश्चिमेचा पाऊस ते अडवतात. किनाऱ्यावरच्या होकिटिकात वर्षाला २,८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर डोंगरापलीकडे ओटागोच्या अंतर्भागातल्या अलेक्झांड्रात जेमतेम ३५०. क्राइस्टचर्च याच कोरड्या बाजूला आहे. तिथे हिवाळ्यात पहाटे गवतावर हिम धरतं, पण हवा कोरडी, आणि ज्यांना ओल सोसत नाही त्यांना मी हेच शहर सुचवते. उन्हाळ्यात मात्र डोंगर उतरून येणारा वायव्येचा गरम वारा डोकं उठवतो.

वेलिंग्टन वाऱ्याचं गाव. दोन बेटांमधल्या कुकच्या सामुद्रधुनीतून वारा चेपून येतो, तिथे छत्री टिकत नाही. नेल्सन आणि ब्लेनहाइमला देशातलं सर्वांत जास्त ऊन मिळतं, पण नोकऱ्या कमी. इन्व्हरकार्गिलला जूनमध्ये सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि पाचला मावळतो. अंधारात मुलांना शाळेसाठी तयार करायचं, ही गोष्ट पगाराच्या आकड्याइतकीच गंभीरपणे घ्या. दक्षिणेकडच्या हिवाळ्यात सावळ्या त्वचेला ड जीवनसत्त्व पुरेसं मिळत नाही, म्हणून डॉक्टरांशी बोलून घ्या. आणि उन्हाळ्यात उलट काळजी घ्यावी लागते. इथलं अतिनील ऊन इतकं कडक असतं की हवा थंड असतानाही कातडी भाजते. आपला रंग सावळा म्हणून सनस्क्रीन टाळू नका.

नोकरी हातात असली तरी पहिल्याच आठवड्यात घराचा वर्षाचा करार करू नका. थोडे दिवस तात्पुरतं राहा, घर शक्यतो पाऊस पडून गेल्यावर सकाळी बघा, कपाट जरा पुढे ओढून मागची भिंत हाताने चाचपा. ताज्या रंगाखालीही ओल लपत नाही, वास येतो. शेजाऱ्यांना विचारा, जुलैत इथे ऊन किती वाजता येतं. इथली माणसं खरं सांगतात.

आणि आई-बाबांना बोलवायचं असेल तर आपल्या मे महिन्याच्या सुट्टीचा हिशोब धरू नका. मे-जूनमध्ये इथे थंडी सुरू होते. त्यांची तिकिटं फेब्रुवारीची काढा.