मुलानं सांगितलं, तर आधी ऐका



तंजावरच्या श्वार्ट्झ चर्चमध्ये एक संगमरवरी शिल्प आहे. मृत्युशय्येवर पडलेल्या जर्मन मिशनऱ्याचा हात एका तरुण मराठा राजानं धरला आहे. हे शिल्प सरफोजीराजे दुसरे यांनी जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून करून घेतलं. सरस्वती महाल ग्रंथालयामुळे आपण ज्यांचं नाव अभिमानानं घेतो, त्या राजांचं बालपण धास्तीत गेलं होतं. १७८७ साली तंजावरच्या तुळजाराजांनी नऊ-दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतलं आणि त्याच वर्षी तुळजाराजे वारले. मग गादीवर आलेल्या अमरसिंहांनी, म्हणजे नात्यानं काकांनीच, या पोराला कोंडून ठेवलं, त्याचं शिक्षण बंद पाडलं. शिल्पातल्या त्याच मिशनऱ्यानं, ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांनी, हे पाहिलं, मद्रासच्या कंपनी सरकारकडे तक्रार केली आणि मुलाला मद्रासला सुखरूप हलवेपर्यंत ती लावून धरली. पुढे १७९८ मध्ये सरफोजी राजे झाले.

आज मला तुम्हा पालकांशी लैंगिक अत्याचाराबद्दल बोलायचं आहे. तो प्रकार वेगळा. पण धोका अनेकदा घरातूनच येतो आणि एक मोठं माणूस ठाम उभं राहिलं तर मूल वाचतं, या दोन्ही गोष्टी तिथेही तशाच लागू पडतात.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये १३ राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलून अहवाल काढला. निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या लैंगिक छळाचा अनुभव सांगितला. त्यांत मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते, आणि छळ करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले होते. म्हणून ‘अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नकोस’ एवढ्यावर आपलं काम संपत नाही. ‘आम्हाला मुलगाच आहे, काळजी नाही’ असं म्हणून तर मुळीच भागत नाही.

सुरुवात अगदी साध्या प्रसंगापासून करा. सुट्टीत पाहुणे येतात, आपण पोराला पुढे ढकलतो: ‘काकांना पापा दे बघू!’ पोर आईच्या पदराआड दडतं, सगळे हसतात आणि तरीही त्याला पापा द्यावाच लागतो. मोठ्यांपुढे आपल्या ‘नको’ला किंमत नाही, हे ते तिथे शिकतं. त्याऐवजी म्हणा, ‘नको असेल तर नुसता नमस्कार कर.’ पाहुणे रागावले तर त्यांची समजूत आपण काढू.

शरीराच्या प्रत्येक अवयवाचं नाव मुलाला लाज न आणता शिकवा. तंजावरसारख्या ठिकाणी, जिथे घरात मराठी आणि शाळेत तमिळ, तिथे दोन्ही भाषांत शिकवा, म्हणजे आजीला जे सांगता येईल ते बाईंनाही सांगता येईल. आणि नियम घालून द्या: कुणी ‘आईला सांगू नको’ म्हटलं, की ते आईला सांगायचंच.

मुलं मात्र सगळं एका दमात सांगत नाहीत. कावेरीच्या पाण्याचा वेग मंदावला की जाड वाळू लगेच खाली पडते. बारीक गाळ पाण्याबरोबर शेतापर्यंत जातो आणि पाणी निवांत थांबलं तरच तळाशी बसतो. तसंच मुलांचं: पोट दुखतं, शिकवणीला जायचं नाही, एवढं पोर पटकन बोलून जातं. त्यामागची खरी गोष्ट बाहेर यायला घर शांत लागतं, आपल्याला घाई नसावी लागते. अंथरुणात अचानक ओलं होऊ लागलं, एखाद्या माणसाचं नाव निघताच मूल गप्प झालं, तर दटावू नका. जवळ बसा.

त्यानं सांगितलं, तर म्हणा, ‘तू सांगितलंस हे फार चांगलं केलंस. यात तुझी काही चूक नाही.’ ‘तेव्हाच का नाही बोललास?’ हा प्रश्न ओठांवर येईल, तो गिळा. पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. घटना ताजी असेल तर कपडे न धुता डॉक्टरांकडे न्या. रुग्णालयानं उपचाराआधी पोलिसांचे कागद मागायचे नसतात.

मग १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला किंवा पोलिसांना कळवा. २०१२ चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या मुलामुलींना सारखंच संरक्षण देतो. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घेतला जातो, पोलीस अधिकारी गणवेशात नसतो, मुलाच्या विश्वासाचं माणूस सोबत बसतं, गरज पडल्यास दुभाषी मिळतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. त्याची ओळख छापायला माध्यमांना मनाई आहे. आणि गुन्हा माहीत असून न कळवणं हाही गुन्हाच आहे.

सगळ्यात अवघड जातं ते घरच्यांचं बोलणं. ‘घरची अब्रू जाईल, आपसांत मिटवा.’ अब्रू गुन्हा करणाऱ्याची जाते, मुलाची नव्हे. आपसांत मिटवलं तर तो माणूस पुढच्या लग्नाला, पुढच्या सणाला पुन्हा त्याच घरात, त्याच मुलासमोर येऊन बसतो. नातं तुटलं तर तुटू द्या. मोठी माणसं आपलं पाहून घेतील. मुलाच्या बाजूनं बोलायला त्या घडीला तुमच्याशिवाय कुणीच नसतं.