शिंदळ माकुडी: मृगाआधीची तयारी आणि वर्षभराची निगा

रोहिणी नक्षत्र लागतं तेव्हा शिंदळ माकुडीच्या कुंडीत पान दिसत नाही. बोटाएवढ्या जाडीच्या, किंचित सुरकुतलेल्या हिरवट-राखाडी फांद्या तेवढ्या उरतात. नव्यानं हे झाड घेतलेले बरेच जण या अवस्थेला घाबरून रोज पाणी घालू लागतात आणि पाऊस येण्याआधीच झाड कुजवतात. पानगळ हा या झाडाचा धर्म आहे. फांदी दाबून पाहावी. घट्ट लागली तर झाड ठणठणीत आहे. पहिल्या दोन-तीन सरींनंतर टोकाशी कोवळी पानं फुटतात आणि मग फांद्याही फुगतात.

वनस्पतिशास्त्रात हिला फ्रेरिया इंडिका म्हणतात. १८६० च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ डालझेल यांनी जुन्नर परिसरातून आलेल्या झाडावरून तिचं वर्णन केलं आणि त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव तिला दिलं. कूळ रुईचंच. महाराष्ट्राबाहेर ती रानात सापडत नाही. शिवनेरी, पुरंदरजवळचा वज्रगड, महाबळेश्वरचे कडे, रंधा धबधब्याचा परिसर अशा मोजक्या ठिकाणी उभ्या कातळाच्या भेगांतून ती खाली लोंबते. तिच्या जवळच्या नात्यातल्या बहुतेक मांसल वनस्पतींना नावापुरतीच पानं असतात. हिला मात्र पावसाळ्यात चांगली लांबट, जाडसर पानं येतात, आणि म्हणूनच जगभरचे मांसल वनस्पतींचे संग्राहक तिच्यासाठी जीव टाकतात. फूल साधारण दोन सेंटिमीटरचं, चांदणीसारखं पाच पाकळ्यांचं. रंग गडद तांबूस-जांभळा, त्यावर पिवळे ठिपके आणि कडेला बारीक लव.

लागवडीचं सगळं शास्त्र तिच्या घरात आहे. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, जुन्नरच्या बाजूला त्यापेक्षा कितीतरी कमी. दोन्हीकडे हे झाड आनंदानं राहतं. म्हणजे पावसाच्या प्रमाणानं तिचं फारसं अडत नाही. दोन्हीकडे ती कड्यावर आहे, पाणी मुळाशी आलं की घटकाभरात निथळून जातं, हे खरं कारण. आपल्याकडे कुंडीत किंवा सपाट वाफ्यात तेच पाणी दोन दिवस थांबतं आणि बुंधा काळा पडतो. रोपवाटिकेतल्या प्रत्येक निर्णयाआधी हा कडा डोळ्यांसमोर आणावा.

म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात कुंड्या बदलून घ्याव्यात. उंच कुंडीपेक्षा पसरट, उथळ मातीची कुंडी बरी. तिच्या भिंतीतूनही ओल बाहेर पडते. तळाला एकाऐवजी तीन-चार भोकं हवीत. भरण्यासाठी दोन भाग मुरूम किंवा विटांची बारीक भरड, एक भाग जाड वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेलं पालापाचोळ्याचं खत घ्यावं. मूठभर कोळशाचा चुरा मिसळला तर चांगलंच. मुरमातली माती चाळून काढून टाकावी, नाहीतर पहिल्याच पावसात ती तळाशी बसून भोकं बुजवते. काळी माती अजिबात वापरू नये. कोकोपीट हाताशी असतं म्हणून रोपवाटिकेत सर्रास घातलं जातं, पण ते ओल धरून ठेवतं. या झाडाला ते टाळलेलंच बरं. भरलेल्या कुंडीत तांब्याभर पाणी ओतून पाहावं. पाणी वर साचून राहिलं, तर मिश्रण पुन्हा करावं.

याच दिवसांत फाटे लावावेत. मागच्या वर्षीची पक्की फांदी निवडून आठ-दहा सेंटिमीटरचा तुकडा धारदार, स्पिरिटनं पुसलेल्या पात्यानं कापावा. कोवळं टोक घेऊ नये, ते लवकर सडतं. कापलेल्या जागी कोळशाची पूड लावून तुकडे सावलीत, हवेशीर जागी चार-पाच दिवस ठेवावेत. घाई इथंच नडते. जखम कोरडी होऊन तिच्यावर खपली धरल्याशिवाय फाटा मातीत जाता कामा नये. मग तो जेमतेम दोन सेंटिमीटर खोल खोचावा किंवा भरडीवर आडवाच ठेवावा; आडव्या फांदीलाही खालच्या बाजूनं मुळं फुटतात. पहिले काही दिवस पाणी नको, नंतर हलका फवारा पुरे. साधारण तीन आठवड्यांत मुळं धरतात. मृगाच्या आसपासची दमट, उबदार हवा या कामाला सगळ्यात अनुकूल, म्हणून वर्षभराचे फाटे याच पंधरवड्यात उरकावेत. हिवाळ्यात लावलेला फाटा महिनोन् महिने तसाच पडून राहतो.

पाऊस सुरू झाला की भागाभागांत निगा बदलते. घाटमाथ्यावर आणि कोकणात कुंड्या पागोळीखाली कधीच ठेवू नयेत. पारदर्शक छताखाली, पण चारही बाजूंनी वारा खेळेल अशा ठिकाणी ठेवाव्यात आणि विटांवर जराशा तिरप्या कराव्यात. देशावरच्या कमी पावसाच्या तालुक्यांत उघड्यावर ठेवायला हरकत नाही. झड लागली तरच आत घ्याव्यात. विदर्भ-मराठवाड्यात पावसापेक्षा एप्रिल-मेचं ऊन कठीण, तिथं पन्नास टक्क्यांची शेडनेट लागते. उजेड मात्र सगळीकडे भरपूर हवा. सकाळचं तीन-चार तासांचं ऊन मिळालं नाही तर फांद्या लांबट, बारीक होतात आणि फूल येत नाही.

खताचं फार मनावर घेऊ नये. कातळाच्या भेगेत जमलेला पाचोळा एवढंच हिचं रानातलं खत. जुलै आणि ऑगस्टमध्ये एकेकदा १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात दिलं की वर्षाचं भागतं. युरिया दिलेली झाडं दिसायला तजेलदार होतात, पण त्यांच्या फांद्या पाणीदार बनतात आणि आश्लेषा-मघाच्या पावसात त्याच आधी सडतात.

सड ओळखायची तर सकाळी बुंध्याजवळ बोट लावून पाहावं. मऊ, पाणचट लागलं की त्याच क्षणी झाड उपटावं. औषध ओतत बसण्यात वेळ जातो आणि तेवढ्यात सड वर चढते. खालून वर कापत जावं. छेदात तपकिरी ठिपकाही न उरता स्वच्छ हिरवा गर दिसला की थांबावं. तो तुकडा वाळवून पुन्हा फाटा म्हणून लावावा. जुनं मिश्रण फेकून द्यावं, कुंडी उन्हात तापवावी.

पिठ्या ढेकूण पानांच्या बगलेत आणि मुळांवरही बसतो. थोडा असेल तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्यानं पुसून काढावा. जास्त असेल तर निंबोळी तेल लिटरला पाच मिली, त्यात थोडं साबणाचं पाणी, असा फवारा संध्याकाळी मारावा. पावसाळी रात्री गोगलगायी कोवळी टोकं खाऊन टाकतात. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट कुंड्यांजवळ पसरून ठेवलं तर पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचता येतात. काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, अंगावर काळ्या शिंगांच्या जोड्या असलेली अळी दिसली, तर ती तांबूस रंगाच्या ‘प्लेन टायगर’ फुलपाखराची. रुईच्या कुळातली झाडं हेच तिचं अन्न. तिला मारू नये, बांधावरच्या रुईवर नेऊन सोडावं. ती तिथंही सुखानं वाढते.

मघा-पूर्वाच्या सुमारास फुलं सुरू होतात आणि फुलांवर माशा येऊ लागतात. रोग आला असं समजून काही जण या वेळी कीटकनाशक मारतात. कृपा करून तसं करू नका. या फुलाचं परागीभवन माशाच करतात. फुलातले परागकण सुटे नसून छोट्या पिशव्यांत बांधलेले असतात आणि माशीच्या सोंडेला किंवा पायाला अडकून ते दुसऱ्या फुलात जातात. शेंगा जोडीनं येतात, पिकायला काही महिने लागतात आणि फुटल्या की रुईच्या म्हाताऱ्यांप्रमाणे बिया उडून जातात. म्हणून शेंग पिवळट होऊ लागली की तिला मलमलची पिशवी बांधावी. बी ताजं असतानाच पेरावं, ठेवलं की उगवण घसरते.

बियांविषयी एक गोष्ट रोपवाटिकाधारकांनी मनावर घ्यावी. एकाच मातृवृक्षापासून शेकडो फाटे केले तरी ती सगळी जनुकीयदृष्ट्या एकच झाड असतात. एखादी बुरशी त्या झाडाला जड गेली तर ती सगळ्यांनाच जड जाईल. दोन-तीन वेगळ्या मूळची झाडं शेजारी ठेवली तर शेंगा धरण्याची शक्यता वाढते आणि रोपांत वैविध्य येतं. प्रत्येक मातृवृक्ष कुठून, कोणत्या वर्षी आला याची नोंद कुंडीवर आणि वहीतही असावी.

आता मातृवृक्ष आणायचा कुठून? कड्यावरून नाही. इथं कसलीही सवलत मागू नये. शिवनेरी हे संरक्षित स्मारक आहे, राखीव जंगलातून परवानगीशिवाय वनस्पती काढणं हा गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी मोजक्या कातळांवर तगलेल्या झाडाची एक जुनी फांदी ओरबाडली की ती जागा पुन्हा भरायला वर्षं जातात. फाट्यांपासून वाढवलेली रोपं जाणत्या रोपवाटिकांत, संग्राहकांकडे मिळतात. विद्यापीठांच्या वनस्पती उद्यानांकडेही चौकशी करावी. रोप विकत घेताना मुळं पाहावीत: भरडीत एकसारखी वाढलेली पांढरी मुळं म्हणजे कुंडीतलं झाड. जून झालेला बुंधा, तुटलेली जाड मुळं, खरचटलेली साल दिसली तर ते झाड घेऊ नये, स्वस्त मिळत असलं तरी.

यात एकरी उत्पन्नाची गणितं मांडणाऱ्यांपासून दूर राहावं. गिऱ्हाईक हौशी आहे, थोडं आहे, पण जाणतं आहे. अडेनियम किंवा इतर मांसल झाडांची रोपवाटिका आधीच असेल, तर तिच्या जोडीला पन्नासेक कुंड्या हा योग्य आरंभ. डोंगरउतारावर शेत असणाऱ्यांना दगडी ताली आहेत. तालीच्या भेगेत भरड ठासून मुळं धरलेला फाटा लावला तर तो कुंडीपेक्षा निरोगी राहतो. फक्त जागा शेळ्यांच्या तोंडापलीकडची निवडावी. घरची रोपं गडावर नेऊन लावण्याचा मोह मात्र आवरावा. कुठल्या कड्याचं वाण कुठं गेलं याचा हिशेब त्यातून बिघडतो, कुंडीतली कीडही रानात जाते. ते काम वनविभाग आणि वनस्पतिशास्त्रज्ञांच्या सोबतीनंच व्हावं.

हस्ताचा पाऊस सरला की पाणी कमी करत आणावं. नोव्हेंबरपासून पानं पिवळी पडून गळतात. तिथून पुढं पंधरा-वीस दिवसांनी एकदा, तेही सकाळी आणि कुंडी तळापर्यंत कोरडी झाली असेल तरच पाणी द्यावं. थंडीच्या कडाक्यात तेवढंही नको. फांद्यांवर हलक्या सुरकुत्या आल्या तरी हात आखडता ठेवावा. फार आक्रसल्या तर एकदा भरपूर पाणी देऊन पुन्हा कोरडं होऊ द्यावं, रोज थोडं थोडं देऊ नये.